चाकाखालचं लिंबू

मोटार घ्यायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे सल्ल्याची टंचाई कधीच भासत नाही. पेट्रोलची भासेल, सुट्या भागांची भासेल, पण सल्ल्याची नाही. त्यातून मोटार जुनी असली तर विचारूच नका. नवी मोटार घेणाऱ्याचा लोक हेवा करतात, जुनी घेणाऱ्याची कीव करतात. आणि कीव आली की माणूस फार मोकळेपणानं बोलतो. १९७९ साली मी पुण्यात जुनी ॲम्बॅसॅडर घ्यायचं ठरवलं, तेव्हा ज्यांची आयुष्यात सायकलच्या पुढे मजल गेली नव्हती अशा गृहस्थांनीही मला भर रस्त्यात थांबवून, "इंजिन तेवढं नीट बघून घ्या हो," असं बजावलं होतं. इंजिन मी बघणारच होतो. बघून मला काय कळणार होतं, हा प्रश्न निराळा.

आजच्या तरुण वाचकाला पहिली शंका येईल ती ही, की मुळात जुनीच का? नवी का नाही? याचं उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगणं भाग आहे. थोडाच सांगतो. इतिहास आणि जुनी मोटार, दोन्ही फार उकरू नयेत. आतून काय निघेल सांगता येत नाही.

मुंबईत शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सचा कारखाना होता. परदेशातून पेट्या भरून सुटे भाग यायचे, इथं ते जोडायचे आणि गाडी रस्त्यावर सोडायची. पुढे १९४२ साली बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स काढली. तिचा आरंभ गुजरातेतल्या ओखा बंदरात झाला आणि १९४८ साली ती बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेली. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला. स्वातंत्र्यानंतर सरकारनं विचार केला, की नुसत्या जोडलेल्या गाड्या किती दिवस चालवायच्या? गाडी इथं बनवणार असाल तर राहा, नाहीतर नमस्कार. १९५३ साली टॅरिफ कमिशननं तसा अहवाल दिला आणि वर्षभरात जनरल मोटर्सनं शिवडीचा गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. मग मध्यमवर्गीय माणसासाठी मुख्यतः तीनच घरं उरली: उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड.

ॲम्बॅसॅडर म्हणजे इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीची सख्खी बहीण. इकडे ती १९५७-५८ च्या सुमाराला आली. इंग्लंडातली थोरली १९५९ मध्ये निवृत्त झाली. धाकटी मात्र २०१४ पर्यंत नोकरीत होती. भारतीय हवामान मानवलं म्हणायचं, दुसरं काय!

तर अशा या गाड्या साऱ्या देशात वर्षाला पन्नास हजारही होत नव्हत्या. मागणारे अर्थातच जास्त. मोटारींचं वाटप आणि विक्री यांवर नियंत्रण ठेवणारा हुकूम सरकारनं १९५९ सालीच काढला होता. अनामत भरून नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. लोक मुलीच्या बारशाला नाव नोंदवायचे आणि ती शाळेत जायला लागली तरी पत्र यायचं नाही. मोटारीची वाजवी किंमत किती, हा प्रश्न तर थेट सुप्रीम कोर्टात गेला होता, १९७१ साली त्यावर निकाल झाला. ज्या प्रश्नाला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं, तो सोडवायला मी एका मिस्त्रीला घेऊन निघालो होतो.

आणि या सगळ्यातून एक चमत्कार जन्माला आला होता. जगभर मोटार दुकानाच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरते. आपल्याकडे ती चढायची! विशेषतः फियाटची. कारण दुकानातली गाडी नियंत्रित भावाची, पण ती मिळायला वर्षं लागणार. आणि बाहेर आलेली गाडी म्हणजे साक्षात समोर उभी असलेली गाडी. तिला लोक वर चार पैसे मोजायला तयार. तेव्हा जुनी मोटार घेणं ही काही गरिबीची निवड नव्हती. ती अधीर माणसाची निवड होती.

आमच्या अधीरतेला कारण आईचे गुडघे. दोन मजले उतरून रिक्षासाठी चौकापर्यंत जायचं तिच्या जिवावर यायचं. घरात आम्ही आठ माणसं: आई, अण्णा, आत्या, धाकटा भाऊ, आम्ही दोघं आणि दोन मुली. फियाटमध्ये आठ माणसं बसवायची तर दोन हप्त्यांत न्यावी लागली असती. ॲम्बॅसॅडरची पुढची सीट म्हणजे सलग बाकडं आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे पुढे तिघं सुखानं मावायची. मागे चार मोठी आणि मांडीवर एक. हिशेब बसला.

पैशांचा मात्र बसत नव्हता. अण्णा हायस्कूलमधून निवृत्त झाले होते. त्यांच्या पुंजीतले अठरा हजार त्यांनी न बोलता माझ्यापुढे ठेवले. वरचे चार हजार सौभाग्यवतींच्या पाटल्यांतून उभे राहणार होते. म्हणजे गाडी फसली असती तर चौतीस वर्षांची मास्तरकी आणि एक स्त्रीधन अशी दोन्ही एकदम गॅरेजमध्ये जमा झाली असती. रात्री मला झोप लागत नसे. लागली तर स्वप्नात रेडिएटर उकळत असे.

मिस्त्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवत. बोलणं कमी, तपकीर जास्त. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम घालून दिले. "साहेब, गाडी बघायला सकाळी जायचं. आधी कळवायचं नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड गाडीला स्टार्टर मारायचा. आणि तुम्ही काही बोलायचं नाही." शेवटचा नियम त्यांनी दोनदा सांगितला.

पहिली गाडी कॅम्पातल्या एका गृहस्थांची. अहाहा! काय तिचं रूप! पांढरा शुभ्र रंग, त्यात आपला चेहरा दिसावा. सीटांवर नवी कव्हरं, आत अत्तराचा वास. मी मनातल्या मनात आईला मागच्या सीटवर बसवूनसुद्धा टाकलं. मिस्त्रींनी काहीच केलं नाही, फक्त बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बॉनेट कोमट होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधीच कुणीतरी गाडी तापवून ठेवली होती. थंड इंजिन जे बोलतं ते गरम इंजिन बोलत नाही, असं मिस्त्रींचं मत.

मग त्यांनी खिशातून एका मोडक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवायला सुरुवात केली, डॉक्टर पाठीवरून नळी फिरवतात तसं. टपावर चिकटलं. दारावर चिकटलं. दाराखालच्या पट्टीला लावलं आणि हात सोडला, तर चुंबक खणकन जमिनीवर! तिथं पत्रा नव्हताच. गंजलेल्या भोकांत पुट्टी भरून वर रंग मारलेला. मिस्त्रींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ॲम्बॅसॅडरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते साहेब. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. ही पट्टी गेली म्हणजे कणा गेला."

मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर. गृहस्थ म्हणाले, "घरगुती गाडी, फारशी फिरलीच नाही." मिस्त्रींनी वाकून ब्रेकच्या पेडलवरचं रबर दाखवलं. ते झिजून पार गुळगुळीत, कडेची रेषसुद्धा शिल्लक नाही. "मीटरला मागं फिरवता येतं," मिस्त्री पुटपुटले, "पायाला नाही." शिवाय मीटर पाच आकडी. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की गाडीचा पुनर्जन्म! गाडी सुरू केल्यावर मागून निळसर धूर आला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो कार्ब्युरेटरचा दोष, स्वस्तात सुटतो. पांढरा धूर राहिलाच तर आत पाणी शिरतंय. निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय, आणि माणसाचं काय किंवा इंजिनाचं काय, पिणं सुटायला खर्च फार. त्यांनी ऑइल भरायचं झाकण काढलं तर आतून भक्‌भक्‌ वाफारे यायला लागले, चहाची किटली उघडावी तसे. आम्ही नमस्कार करून निघालो. गृहस्थ शेवटपर्यंत म्हणत होते, "रंगाकडे बघा, रंगाकडे!"

अशा सात गाड्या झाल्या. एकीचं स्टिअरिंग चतकोर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसे. एकीचे टायर एकाच कडेला झिजलेले. एक सर्वांगसुंदर निघाली, पण चासी नंबर आणि आर.सी. बुकातला नंबर यांची एकमेकांशी ओळख नव्हती. मी थकलो. मिस्त्रींची तपकीर संपत आली.

आठवी गाडी एका वृद्ध डॉक्टरांची. १९६८ सालची, मार्क टू. नजर अधू झाली म्हणून विकायला काढलेली. त्या दिवशी अण्णा म्हणाले, "मीही येतो." मला धसका बसला, कारण अण्णांना मोटारीतलं माझ्याइतकंही कळत नव्हतं.

गाडी दिसायला बेताचीच. रंग उडालेला, मागच्या दाराला पोचा. पण बॉनेट बर्फासारखं गार. दुसऱ्या स्टार्टरला इंजिन लागलं, धूर नाही. चुंबक सगळीकडे चिकटलं. मिस्त्री गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. अण्णांनी मात्र गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते व्हरांड्यात डॉक्टरांसमोर बसून एक वही वाचत होते. डॉक्टरांनी अकरा वर्षं त्या वहीत गाडीचा केसपेपरच ठेवला होता. ऑइल कधी बदललं, ब्रेकचे पट्टे कधी, बॅटरी कधी, किती रुपये. अक्षर डॉक्टरांचं असूनही वाचता येत होतं, हा पहिला शुभशकुन.

"दोष सांगून टाकतो," डॉक्टर म्हणाले. "चढाला दुसरा गिअर कधीकधी सुटतो. पावसात डाव्या पायाशी पाणी येतं. मागचं दार उचलून लावावं लागतं."

अण्णांनी वही मिटली आणि शांतपणे विचारलं, "आणखी काही?"

डॉक्टर थांबले. चष्मा काढून पुसला. आत कुठंतरी कपबशा वाजत होत्या, तेवढाच आवाज. मग म्हणाले, "आहे. १९७४ साली कात्रजच्या घाटात ट्रकनं मागून ठोकलं होतं. डिकीचा पत्रा सगळा नवा घातलाय. तुमच्या मिस्त्रींना चुंबकानं कळायचं नाही ते, कारण पुट्टी नाही, पत्राच आहे. वहीत ते पान मी लावलेलं नाही. मुलगा गाडीत होता. त्याला काही झालं नाही, पण ते पान लिहवलं नाही."

बावीस हजारांना सौदा ठरला. मिस्त्री वीसवर अडून बसणार होते, अण्णांनी त्यांना नजरेनंच गप्प केलं. परत येताना मी विचारलं, "अण्णा, गाडी न बघता तुम्हाला कसं कळलं?" अण्णा म्हणाले, "गाडीतलं मला काय कळतंय? पण चौतीस वर्षं वर्गात तोंडी परीक्षा घेतली. पहिलं उत्तर पोरानं पाठ केलेलं असतं. 'आणखी काही?' विचारल्यावर जे येतं ते त्याचं स्वतःचं असतं."

गाडी दारात आली त्या दिवशी आई दोन मजले न कुरकुरता उतरली. ओवाळलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि मी गाडी पुढे घेतली. चिर्र आवाज झाला, दृष्ट निघाली. पुढची पंधरा वर्षं त्या गाडीनं आम्हाला कोल्हापूर, पंढरपूर, गणपतीला कोकण, दोन्ही मुलींची लग्नं आणि शेवटी १९८८ साली अण्णांना घेऊन दवाखाना, एवढं सगळं दाखवलं. दुसरा गिअर सुटत राहिला. चढ आला की भाऊ दांडा धरून बसायचा, तेच त्याचं घरातलं काम.

दरम्यान जग बदललं होतं. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीच्या किल्ल्या दिल्या आणि बघता बघता रस्त्यावर पिटुकल्या गाड्यांची रांग लागली. आमची ॲम्बॅसॅडर त्यांच्यात लग्नाच्या मांडवातल्या पणजीसारखी दिसायला लागली. नव्या मोटार कायद्यानं पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.ला नेऊन पास करून घेणं आलं. १९९४ साली ती विकायचं ठरलं आणि मी पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसलो.

तिथून जग फार वेगळं दिसतं, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. इंजिन थोडं ऑइल प्यायला लागलं होतं. मिस्त्री आता नव्हते, त्यांच्या जागी बसणारा पोरगा म्हणाला, "काका, जाड ऑइल टाकतो, चार दिवस धूर दिसणार नाही." ते मी नाकारलं आणि स्वतःच्या सचोटीवर खूश झालो. पण ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून हाताएवढं भोक पडलं होतं. त्यावर मी नवं कार्पेट घातलं. फसवायला म्हणून नव्हे हो, शोभेसाठी! माणूस स्वतःशी किती सभ्य भाषेत बोलतो पाहा.

गिऱ्हाईक सासवडकडचं. तरुण मुलगा, लग्नाच्या भाड्यांना गाडी लावायची म्हणत होता. बरोबर धोतरातले वडील. मुलानं खिशातून लोहचुंबक काढलं तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली. मी ऑइलचं सांगितलं, गिअरचं सांगितलं, डाव्या पायाशी येणाऱ्या पाण्याचं सांगितलं. एकवीस हजारांवर मुलगा राजी झाला. वडील इतका वेळ गप्प होते. त्यांनी कनवटीची पिशवी हातात घेतली, गाठीवर बोटं ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, अजून काय?"

भिंतीवर अण्णांचा फोटो होता. तिकडं बघायची मला गरज पडली नाही. मी गाडीचं दार उघडलं आणि कार्पेट उचललं.

म्हातारा त्या भोकातून दिसणाऱ्या जमिनीकडे बराच वेळ बघत राहिला. "सतरा देतो," म्हणाला, "भाचा वेल्डिंग करतो आमचा." मी सतरा घेतले. डॉक्टरांची वही मी पुढे चालवली होती, तीही दिली. त्या मुलानं ती छातीशी धरून नेली. रात्री सौभाग्यवतींनी हिशेब केला, "चार हजारांचं कार्पेट उचललंत." त्यात राग होता का कौतुक, ते मला आजतागायत कळलेलं नाही. 'आणखी काही?' असं विचारायचं धैर्य झालं नाही.

या कथेचा उलगडा २००१ साली झाला, तोही वर्तमानपत्रात. त्या वर्षीचं अर्थशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून मिळालं, त्यातले एक जॉर्ज ॲकरलॉफ नावाचे अमेरिकन प्राध्यापक. त्यांचा गाजलेला निबंध कशावर? जुन्या मोटारींच्या बाजारावर! मी चहा बाजूला ठेवला. निबंध १९७० सालचा, अवघा तेरा पानांचा, आणि त्याआधी तीन नियतकालिकांनी साभार परत केलेला. मराठी लेखकांनी हे वाक्य कापून खिशात ठेवायला हरकत नाही. त्यात म्हटलंय ते असं: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा भीतीपोटी सरसकट कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडीवाला आपली गाडी विकायला काढत नाही. मग बाजारात उरतात फक्त वाईट गाड्या. त्याच निबंधात आपल्याकडच्या सावकारीचाही दाखला आहे. कुणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मोटारीपुरता नाहीच.

आणि त्या वाईट, फसव्या गाडीला अमेरिकेत काय म्हणतात ठाऊक आहे? लिंबू! मला आईची चार लिंबं आठवली. तिकडे लिंबू गाडीच्या आत दडलेलं असतं. आपल्याकडे ते आधी चाकाखाली चिरडून मग गाडी घरात घ्यायची पद्धत आहे. पण लिंबू निघतं ते चाकानं नव्हे. डॉक्टर चष्मा पुसताना जे सांगायचं का नाही या विचारात क्षणभर थांबले, तिथं ते निघालं होतं.

परवा माझा नातू जुनी गाडी घ्यायची म्हणून मोबाईल घेऊन बसला होता. आता सगळं सोपं झालंय. गाडीचा नंबर टाकला की मालक कितवा, विमा कधीपर्यंत, सगळं पडद्यावर. वर शेकडो मुद्द्यांचा तपासणी अहवाल, प्रत्येकासमोर हिरवी खूण. मी कौतुकानं सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "आणखी काही?"

त्यानं बोटानं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. म्हणाला, "आजोबा, असा ऑप्शन नाहीये यात."

तेव्हा येत्या रविवारी सकाळी, न कळवता, मी त्याच्याबरोबर गाडी बघायला जाणार आहे. गाडीतलं मला अजूनही काही कळत नाही.